ख्रिस्ती उपदेशाची आणि धर्माभ्यासाची पुस्तकं: आलेला गठ्ठा पारखायचा कसा

यवतमाळ, अमरावती, बुलढाण्याकडच्या लहान मंडळ्यांत पुस्तकं विकत घेतली जातात कमी, येतात जास्त. निवृत्त पाळकसाहेबांचं कपाट रिकामं होतं, शहरातून कोणीतरी खोकं पाठवतं. मग रविवारच्या भक्तीनंतर दोघं-तिघं गठ्ठा सोडून बसतात आणि तासाभरात निकाल लागतो: हे चांगलं, हे आपल्या शिकवणीत बसत नाही, हे इंग्रजीत आहे म्हणून नागपूरच्या नातवाला.

गडबड होते ती इथंच. उपदेश कसा तयार करायचा हे शिकवणारं पुस्तक ‘यात तयार संदेशच नाहीत’ म्हणून बाजूला पडतं. धर्मांचा अभ्यास करणाऱ्या पुस्तकाला ‘यात विश्वास कुठंय?’ असा सवाल केला जातो. गावच्या वाचनालयात याच्या उलट: ख्रिस्ती माणसानं लिहिलंय म्हणजे प्रचारच असणार, असं धरून पुस्तक माळ्यावर जातं. पुस्तकानं जे काम अंगावर घेतलेलंच नाही, त्याचा जाब त्याला विचारू नये. खालचे टप्पे पाळक, संडे स्कूलचे शिक्षक, वाचनालयाचे कार्यकर्ते आणि एम. ए. करणारी मुलं, सगळ्यांना चालतील. फक्त क्रम मोडू नका.

टप्पा १: पुस्तक उघडण्याआधी

टेबलावर काय हवं: भक्तीत नेहमी वाचलं जातं ते पवित्र शास्त्र, सोप्या भाषेतलं दुसरं एखादं मराठी भाषांतर, एक वही, पेन्सिल आणि कागदाच्या पट्ट्या. जमल्यास कॅथलिक आवृत्तीही आणून ठेवा. प्रॉटेस्टंट बायबलात ६६ पुस्तकं असतात, कॅथलिक बायबलात ७३. हे ठाऊक नसल्यामुळे मक्काबी किंवा तोबित यातला उतारा दिसला की ‘हे शास्त्रातच नाही, लेखक खोटा’ असा शेरा मारणारे पुष्कळ आहेत.

जुन्या कॅथलिक पुस्तकांत स्तोत्रांचे क्रमांकही बहुतेक ठिकाणी एकानं मागे असतात. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ’ तिथं २२वं स्तोत्र म्हणून सापडेल. ती छपाईची चूक नव्हे. ग्रीक आणि लॅटिन परंपरेची मोजणीच तशी आहे.

मग वहीच्या पहिल्या पानावर लिहा: ही पुस्तकं वाचणार कोण? मोटरसायकलवर तीन-चार गावं सांभाळणारा पाळक, दहावी शिकलेली संडे स्कूलची ताई, की परीक्षेला बसणारा विद्यार्थी? ‘सर्वांसाठी’ असं लिहिलंत तर पुढच्या टप्प्यांना धरायला काही उरत नाही.

तपासा: वाचकाचं वर्णन एका ओळीत झालं का? नसेल तर गठ्ठा सोडू नका.

टप्पा २: आधी ढीग, मत नंतर

या टप्प्यावर पुस्तक वाचायचं नाही. अनुक्रमणिका आणि प्रस्तावनेची दोन पानं बघायची आणि पाचांपैकी एका ढिगात ठेवायचं.

- उपदेश करायला शिकवणारी पुस्तकं
- तयार संदेशांचे संग्रह
- बायबलवरची भाष्यं
- धर्मांचा अभ्यास करणारी पुस्तकं
- बाजू मांडणारी पुस्तकं, म्हणजे ख्रिस्ती धर्माचं समर्थन किंवा त्याचं खंडन

वाचनालयात ड्युई दशांश वर्गीकरण, म्हणजे प्रत्येक विषयाला आकडा देण्याची पद्धत, वापरत असाल तर मदत होते: २२० बायबलचा, २५१ उपदेशकलेचा, २५२ छापलेल्या उपदेशांचा. बौद्ध धर्म २९४.३ ला, हिंदू धर्म २९४.५ ला, इस्लाम २९७ ला. (२२० ते २८० एवढा सगळा पट्टा ख्रिस्ती धर्माला आणि बाकी साऱ्या जगाची बोळवण २९० मध्ये, हा त्या पद्धतीचा जुनाच पक्षपात आहे. आपल्याकडच्या फळीवर तो लगेच दिसतो: २९० ची फळी भरून वाहते आणि तिच्या आधीच्या मोकळ्या.)

सर्वांत जास्त घोटाळा चौथ्या आणि पाचव्या ढिगात होतो. ओळखायची खूण सोपी आहे. लेखक ‘लोक काय मानतात, काय करतात, का करतात’ असं विचारतोय की ‘खरं कोणाचं’ असं? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, दोन्हींवर उत्तम पुस्तकं लिहिली गेली आहेत. पण पाचव्या ढिगातलं पुस्तक चौथ्याचा वेष घालून आलं असेल, तर तेवढं वहीत आत्ताच टिपून ठेवा.

सावधान: शीर्षकावर जाऊ नका. ‘जगातील धर्म’ नावाचं पुस्तक पहिल्या पानापासून एकाच धर्माची वकिली करत असतं, आणि ‘येशूची ओळख’ अशा भाबड्या नावाखाली नीट केलेला अभ्यास निघतो.

टप्पा ३: पहिली चार पानं, शेवटची दहा पानं

एका पुस्तकाला पंधरा मिनिटं पुरतात. मूळ प्रकाशनाचं साल शोधा, हाती असलेल्या छपाईचं नव्हे. १९३० साली लिहिलेलं पुस्तक २०१५ च्या पुनर्मुद्रणात नवंकोरं दिसतं. साल छापलेलंच नसेल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, बघा. दहा अंकीच असेल तर पुस्तक बहुधा २००७ च्या आधीचं, कारण त्या वर्षापासून तेरा अंकी क्रमांक आले. हा क्रमांक गुणवत्तेचा शिक्का नाही हेही लक्षात असू द्या.

अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव आहे का? मूळ भाषा कोणती? नाव नसलेल्या अनुवादात वचनंसुद्धा पुष्कळदा इंग्रजीवरून तिथंच मराठीत केलेली असतात. पाळकानं ती व्यासपीठावरून वाचली की समोर पवित्र शास्त्र उघडून बसलेल्या म्हाताऱ्या आजीला ओळच सापडत नाही.

लेखकाच्या नावाआधीचं ‘डॉ.’ कुठून आलं ते परिचयात शोधा. सन्मान म्हणून मिळालेली पदवी वाईट नसते, पण ती संशोधनाची नव्हे. शेवटी टिपा, संदर्भ आणि वचनांची सूची आहे का? उपदेशाच्या पुस्तकाला टिपा नसल्या तर चालवून घेऊ. धर्माभ्यासाच्या पुस्तकाला नसतील तर पाचव्या टप्प्यात त्याला दुप्पट कसून तपासा.

टप्पा ४: उपदेशाची पुस्तकं, कसोटीच्या वचनांवर

लोक इथं आपल्या आवडीचं प्रकरण काढून वाचतात आणि खूश होतात. तसं करू नका. खाली काही वचनं देतो. ती एकटी उचलली की अर्थ फिरतो. वचनसूचीतून शोधा, सूची नसेल तर चाळून शोधा, आणि लेखक त्यांचं काय करतो ते पाहा.

यिर्मया २९:११. ‘तुमच्याविषयीच्या माझ्या योजना हिताच्या आहेत’ हे वचन दिनदर्शिकेवर असतं, लग्नपत्रिकेवर असतं, बारावीच्या परीक्षेआधीच्या प्रार्थनेतही असतं. पण हे पत्र आहे, बाबेलला कैद करून नेलेल्या लोकांना लिहिलेलं. त्याच्या आदल्याच वचनात मुदत सांगितली आहे: सत्तर वर्षं. त्याआधी सूचना आहेत: घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या शहरात आहात त्याचं भलं चिंता. आणि अठ्ठाविसाव्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा सांगतोय की दोन वर्षांत सगळं ठीक होईल. तो खोटा ठरतो.

आता पुस्तकातला संदेश वाचा. सत्तर वर्षांचा उल्लेख आहे का? नसेल, तर ते पुस्तक हातात घेऊन आपला पाळक कर्जात बुडालेल्या कास्तकाराला ‘पुढच्या हंगामात देव सगळं सुरळीत करील’ असं सांगेल, म्हणजे यिर्मयाचं वचन वाचून हनन्याचा उपदेश करील. आमच्या भागात ही चूक नुसती पुस्तकी राहत नाही. हंगाम फसला की त्या माणसाला वाटतं, आपलाच विश्वास कमी पडला.

फिलिप्पैकरांस ४:१३ साठी (सामर्थ्य देणाऱ्यामुळे मी सर्व काही करू शकतो) आदली दोन वचनं बघा. पौल बंदिवासातून लिहितोय, आणि भरपूर असलं तरी, उपाशी असलं तरी राहायला शिकलो म्हणतोय. पुस्तकात हे वचन धंद्यातल्या किंवा खेळातल्या यशाला जोडलं असेल तर वहीत खूण करा. मत्तय १८:२० मधले ‘दोघे-तिघे’ (ते जमतात तिथं मी आहे, असं येशू म्हणतो) हे मुळात भावाभावांतला दोष मिटवण्याच्या प्रकरणातले आहेत, १५ ते १७ वाचलं की कळतं. ३ योहान २ मधली भरभराटीची इच्छा हा गायसला लिहिलेल्या पत्राचा नमस्कार आहे. त्यावरून ‘विश्वासणारा कधी गरीब राहत नाही’ असा नियम काढणारं पुस्तक कितीही खपलं असो, माझ्या हिशेबी तिथंच नापास.

लूक १५:११–३२, उधळ्या पुत्राची गोष्ट. सगळे जण धाकटा घरी आला, बापानं मिठी मारली, इथं संपवतात. अध्यायाची सुरुवात मात्र परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे यहुदी, कुरकुरतात इथून आहे, म्हणून थोरला भाऊ हा या गोष्टीचा अर्धा भाग आहे. तो शेतातून येतो, वाजंत्री ऐकतो आणि बाहेरच थांबतो. आपल्याकडे वाटणी म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. बाप जिवंत असताना हिस्सा मागणं म्हणजे काय, आणि धुऱ्यावर राबलेल्या भावाला काय वाटतं, हे समोर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. जे पुस्तक उपदेशकाला थोरल्यापर्यंत नेतं, ते ठेवा. त्याची बाकीची कसर चालेल.

पुढची तपासणी ढिगाप्रमाणे बदलते.

शिकवणाऱ्या पुस्तकात एक तरी उतारा कच्च्या वाचनापासून शेवटच्या संदेशापर्यंत नेऊन दाखवलेला हवा: आधी संदर्भ, मग उताऱ्याचा मुख्य आशय एका वाक्यात, मग रचना, मग आजच्या श्रोत्यांना लागू करणं. नुसतं ‘प्रार्थनापूर्वक तयारी करा’ आणि ‘आवाजात चढउतार ठेवा’ एवढंच असेल तर ते भाषणकलेचं पुस्तक झालं. तीनही मुद्दे एकाच अक्षरानं सुरू झाले पाहिजेत, असा आग्रह धरणाऱ्यांपासून तर लांबच राहा. तिसरा मुद्दा हमखास ओढून आणलेला असतो.

तयार संदेशांच्या संग्रहात एक संदेश घ्या आणि समासात पेन्सिलनं खुणा करा: उतारा समजावणारी ओळ, गोष्ट सांगणारी ओळ, श्रोत्याला काही करायला सांगणारी ओळ. गोष्टींच्याच खुणा उठून दिसल्या तर ‘उदाहरणांसाठी उपयोगी’ असं लिहा. उपदेशाचा नमुना म्हणून देऊ नका.

भाष्य असेल तर मार्क १६:९–२० आणि योहान ७:५३–८:११ उघडा. हे दोन्ही भाग सर्वांत जुन्या हस्तलिखितांत सापडत नाहीत. लेखक त्यावर काय मत देतो हे त्याचं त्याच्यापाशी. पण वाचकाला तो हे सांगतच नसेल, तर इतर अवघड जागांवरही तो गप्प राहिला असेल असं धरा.

तपासा: निदान तीन कसोट्यांच्या नोंदी पानांच्या आकड्यांसह वहीत आल्या का? ‘चुकीचा अर्थ लावला’ एवढं पुरत नाही. पान कोणतं, काय म्हटलं, तेही हवं.

टप्पा ५: धर्माभ्यासाची पुस्तकं

इथं ‘मला पटलं का’ हा प्रश्न शेवटपर्यंत काढायचा नाही. बऱ्याच जणांची परीक्षा इथंच होते.

पहिली चाचणी शेजाऱ्याची. पुस्तकात बौद्ध धर्मावर प्रकरण असेल तर ते गावातल्या बौद्ध विहारात जाणाऱ्या वाचत्या माणसाला द्या, इस्लामवरचं मशिदीत जाणाऱ्या शिक्षकाला, ख्रिस्ती धर्मावरचं पाळकाला. विचारायचं एवढंच: ‘यात तुम्ही स्वतःला ओळखता का?’ शहरातल्या अभ्यासकाला ही माणसं शोधत फिरावं लागतं, आपल्याला दोन गल्ल्या ओलांडाव्या लागतात. ते ‘टीका आहे, पण आमचं म्हणणं बरोबर मांडलंय’ म्हणाले तर पुस्तक पास. टीका असणं हा दोष नाही.

दुसरी, तराजूची. स्वीडिश धर्मपंडित क्रिस्टर स्टेंडाल यांचा नियम असा, की आपलं उत्तम आणि दुसऱ्याचं वाईट अशी तुलना करू नये. पुस्तकात एका धर्माची शिकवण आणि दुसऱ्या धर्माच्या लोकांचं वागणं समोरासमोर ठेवलंय का ते बघा. डोंगरावरचं प्रवचन एका पारड्यात आणि जत्रेतली कोंबडी दुसऱ्यात, असं चालणार नाही. चर्चमधली जातीवरून होणारी कुजबुज लपवून दुसऱ्याच्या जातिभेदावर प्रकरण लिहिणं, हाही त्यातलाच प्रकार.

तिसरी, व्याप्तीची. धर्मांचे अभ्यासक नीनियन स्मार्ट यांनी धर्माची सात अंगं मांडली: सिद्धांत, कथा, नीती, विधी, अनुभव, समाजरचना आणि वस्तू-वास्तू. वहीत सात घरं आखा आणि पुस्तक कोणत्या घरात काही सांगतं ते टिपा. ख्रिस्ती अभ्यासकांची बरीच पुस्तकं सिद्धांताच्या घरात गर्दी करतात आणि विधी, वस्तू कोरी ठेवतात. त्यात नाताळची कॅरलफेरी नसते, दफनभूमीची साफसफाई नसते, नवीन घरात शिरण्याआधी पाळकाला बोलावून करवलेली प्रार्थना नसते. कोरं घर दिसलं म्हणून पुस्तक टाकायचं नाही. नोंदीत मात्र ते आलं पाहिजे.

चौथी, आपल्या मातीतल्या माहितीची. जे आपल्याला पक्कं ठाऊक आहे, त्यावर लेखकाला तपासा. डॉ. आंबेडकरांनी नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ ला धम्मदीक्षा घेतली. महाराष्ट्रातल्या धर्मजीवनावरचं पुस्तक हे दोन ओळींत उरकत असेल तर त्याला विदर्भ कळलेला नाही. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरातच स्थापन झालं. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला, ना. वा. टिळकांचा १८९५ मध्ये मुंबईत. अशा जागी चुकणारा लेखक दूरच्या देशांबद्दल काय सांगतो ते जपूनच घ्या.

आकड्यांचंही तसंच. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे १०.८ लाख, म्हणजे एक टक्क्याला किंचित कमी, आणि बौद्ध सुमारे ६५ लाख होते. ‘ख्रिस्ती झपाट्यानं वाढताहेत’ आणि ‘ख्रिस्ती नामशेष होताहेत’, दोन्ही सांगणारी पुस्तकं एकाच गठ्ठ्यात येतात. दोघांनाही विचारा, आकडा कुठला?

सावधान: एकोणिसाव्या शतकातल्या मिशनऱ्यांची आपल्या भागावरची वर्णनं टाकाऊ समजू नका आणि प्रमाणही मानू नका. ते मिशनरी काय पाहत होते, काय पाहत नव्हते, यासाठी ती वाचायची. अशा पुस्तकावर ‘साधन म्हणून’ अशी चिठ्ठी लावा.

टप्पा ६: मोठ्यानं वाचा

एक पान घ्या आणि पाळक नसलेल्या दोघांना वाचून दाखवा. कुठं कपाळाला आठ्या पडतात ते बघा. अमेरिकेतून आलेल्या पुस्तकात बर्फ, बेसबॉल आणि विमानतळ असणारच. तेवढ्यावरून नाक मुरडू नका. बघायचं ते हे, की उदाहरण काढून आपलं घातलं तर मुद्दा उभा राहतो का.

मत्तय २० मधले द्राक्षमळ्यातले मजूर घ्या: कोणी पहाटे आला, कोणी शेवटच्या तासाला, मजुरी सगळ्यांना सारखीच. एखादं पुस्तक ते कंपनीतल्या बोनसवरून समजावतं. इथं कापसाच्या वेचणीला जाणारी बाई किलोच्या भावानं पैसे घेते. ती ऐकल्या ऐकल्या म्हणेल, ‘मंग म्या पहाटपासून कायले राबाव?’ नेमकं हेच बाराव्या वचनातले मजूर म्हणतात. पुस्तकानं त्या तक्रारीला उत्तर दिलं असेल तर बोनस गेला तरी बिघडत नाही. दिलं नसेल, तर आपलं उदाहरण घालूनही संदेश लंगडाच राहील.

वेचणीच्या नाहीतर सोयाबीन सवंगायच्या, म्हणजे कापायच्या, दिवसांत ही बैठक ठेवू नका. लोक येतात, पण डुलक्या घेतात, आणि दोष पुस्तकाच्या माथी जातो.

टप्पा ७: नोंद लिहा

‘अतिशय सुंदर व प्रेरणादायी पुस्तक. सर्वांनी अवश्य वाचावे.’ ही नोंद गठ्ठ्यातल्या कोणत्याही पुस्तकाला चिकटवता येते, म्हणून निरुपयोगी आहे. प्रकरणवार सारांशही नको, तो अनुक्रमणिकेत आहेच. नमुना असा:

‘ढीग: तयार संदेश. अनुवाद, अनुवादकाचं नाव नाही. यिर्मया २९:११ वर संदेश आहे, पण सत्तर वर्षांचा उल्लेख नाही. लूक १५ वरचा चांगला, थोरल्या भावावर चार पानं. वचनं आपल्या पवित्र शास्त्राशी जुळवून घ्यावी लागतील. अनुभवी पाळकाला उपयोगी, नवख्याला एकट्यानं देऊ नये.’

आधी पुस्तकाचं म्हणणं, मग कसोटीत काय आढळलं, आपलं मत सर्वांत शेवटी आणि ‘माझ्या मते’ असं लिहून. शिकवणीतला मतभेद असेल तर तो वेगळ्या ओळीत. ‘बाप्तिस्म्याविषयी लेखकाचं मत आपल्या मंडळीपेक्षा निराळं आहे’ ही माहिती झाली. ‘लेखक भरकटला आहे’ हा निकाल झाला, आणि तो द्यायला आपल्याला कोणी बसवलेलं नाही.

टप्पा ८: कपाट

ठेवायची पुस्तकं दाखल रजिस्टरला चढवा आणि नोंदीची चिठ्ठी आतल्या पुठ्ठ्याला चिकटवा. एकतर्फी पण वाचनीय पुस्तक ठेवायचं असेल, तर त्याच विषयावरचं दुसऱ्या बाजूचं शेजारी ठेवा.

नको असलेली पुस्तकं रद्दीत घालू नका, पवित्र शास्त्राच्या फाटक्या प्रती तर मुळीच नाही. त्या पानांत भज्यांचा पुडा बांधून आला की गावात नसता वाद उभा राहतो. जुनी मराठी ख्रिस्ती छपाई असेल तर सेमिनरीच्या, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयाच्या, ग्रंथालयाला विचारा. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ पासून यवतमाळातच होती, १९८३ मध्ये ती पुण्याला गेली, त्यामुळे आपल्या भागातल्या जुन्या घरांत तिथल्या विद्यार्थ्यांची पुस्तकं अजून निघू शकतात. आधी यादी पाठवा: नाव, साल, किती पानं शाबूत आहेत, वाळवी लागली आहे का. हो म्हणाले तरच पुस्तकं बांधा.